दिवसाला 50 रुपये, 2 फोटो आणि एक खाडा: उदयपूरच्या शिक्षकांच्या पगाराचं प्रकरण

सकाळच्या फोटोत शिक्षक, भोवती मुलं आणि कोपऱ्यात छापलेली तारीख-वेळ. दुपारच्या फोटोत तेच शिक्षक, बरीचशी तीच मुलं. मधे किमान 5 तास गेलेले. फोटो काढणारं मूलही वर्गातलंच. दोन्ही फोटोंत निदान 8 मुलं दिसली तर त्या दिवशी शाळा भरली, नाहीतर शिक्षकाचा खाडा. कॅमेऱ्याचा रोल धुतला की त्यावर जे दिसेल तेवढंच मस्टर.

2003 च्या सप्टेंबरात उदयपूर जिल्ह्यातल्या साठेक शाळांमध्ये ही पद्धत सुरू झाली. कामगिरीवर पगार या विषयावर आपल्याकडे बोलणं निघालं की लगेच विक्री प्रतिनिधींचं कमिशन, आयटी कंपन्यांतला व्हेरिएबल पे, कारखान्यातला हजेरी बोनस यांची उदाहरणं येतात. मला मात्र महिना 1000 रुपयांवर काम करणाऱ्या या शिक्षकांचं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. एक तर त्यात पगाराचं सूत्र पोस्टकार्डावर मावेल इतकं छोटं आहे. दुसरं म्हणजे त्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेच्या मदतीने, जवळपास तीच कल्पना नर्सबाईंसाठी राबवली गेली आणि ती सपशेल आपटली. यश आणि अपयश इतकं शेजारी शेजारी क्वचित सापडतं.

आधी जागा समजून घेऊ. उदयपूर म्हणजे पर्यटकांना तळी आणि राजवाडे. जिल्ह्याचा ग्रामीण भाग मात्र अरवलीच्या उघड्या डोंगरांचा. वस्ती प्रामुख्याने भिल्लांची आणि विखुरलेली, एक घर या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या. डॉ. मोहनसिंह मेहता यांनी स्थापन केलेली सेवा मंदिर ही संस्था या भागात अनेक दशकं काम करते आहे. सरकारी शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी ती एकशिक्षकी शाळा चालवायची. वर्गात विसेक मुलं, वेगवेगळ्या वयांची. त्यांना लिहिण्या-वाचण्याची, गणिताची गोडी लावायची आणि तयारी झाली की नेहमीच्या शाळेत घालायचं. शिक्षक गावातलाच तरुण किंवा तरुणी, शिक्षण साधारण दहावीपर्यंत, नेमणूक कंत्राटी.

एकशिक्षकी शाळेत शिक्षक आला नाही तर शाळेला कुलूप. दुसरा वर्ग नाही, बदली शिक्षक नाही. 2003 च्या ऑगस्टमध्ये न सांगता भेटी देऊन पाहिलं तेव्हा 100 पैकी 44 वेळा शिक्षक जागेवर नव्हते. संस्थेचा नियम होता की फार खाडे करणाऱ्याला काढून टाकू. पण डोंगर ओलांडून रोज शाळा तपासायला जाणार कोण? आणि काढून टाकलं तर त्या पाड्यावर दुसरा दहावी झालेला माणूस आणायचा कुठून? धमकी कागदावरच राहिली.

एस्थर ड्युफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन या अर्थशास्त्रज्ञांनी संस्थेबरोबर मिळून तोडगा आखला. सुमारे 120 शाळांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या आणि त्यांना कॅमेरे दिले. कॅमेऱ्याचं तारीख-वेळेचं बटण जाड चिकटपट्टीने बंद केलेलं. उरलेल्या शाळांत जुनाच पगार, महिना 1000 रुपये, सोबत नियमित या नाहीतर काढून टाकू ही जुनीच ताकीद. दोन्हीकडे अचानक भेटी चालू ठेवल्या, म्हणजे तुलना करता येईल.

कॅमेरा शाळांतल्या पगाराचं सूत्र संस्थेने असं सांगितलं: महिन्यात 20 दिवस शाळा भरली तर 1000 रुपये. त्यावर प्रत्येक दिवसाला 50 रुपये बक्षीस. 20 च्या खाली प्रत्येक दिवसाला 50 रुपये कपात. पण कितीही खाडे झाले तरी 500 च्या खाली पगार जाणार नाही.

जरा भागाकार करून पाहा. 26 दिवस आला त्याला 1300. 20 दिवसांना 1000. 15 दिवसांना 750. 10 दिवसांना 500. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, दिवसाला 50 रुपये. बक्षीस आणि दंड हे नुसते शब्द आहेत. खरं तर ही साधी रोजंदारी आहे, खाली 500 चा टेकू दिलेली. आपल्याकडच्या बांधकामावरच्या मजुराला यात नवीन काहीच दिसणार नाही. नवीन इतकंच, की मासिक पगारावरच्या माणसाला रोजंदारीवर आणलं, पण ते असं मांडलं की त्याला आपण खाली उतरलो असं वाटू नये. 20 दिवस हा आकडा मधोमध ठेवण्यातली हुशारी मला तिथे दिसते. 1000 हा जुना ओळखीचा आकडा शाबूत राहतो आणि वर 300 चं आकर्षण दिसतं.

पण दुसऱ्या बाजूने हिशेब केला तर चित्र इतकं गोड नाही. 44 टक्के गैरहजेरी म्हणजे महिन्याच्या 26 दिवसांपैकी ढोबळमानाने चौदा-पंधरा दिवस काम. सवय न बदलता तो शिक्षक कॅमेरा योजनेत आला असता तर त्याच्या हातात 1000 ऐवजी सव्वासातशेच्या आसपास पडले असते. म्हणजे योजना आली त्या दिवशी सरासरी शिक्षकाच्या पगाराला कात्री लागली होती. ती टाळायची तर जास्त दिवस यायचं. एखाद्या कामगार संघटनेच्या माणसाने हे सूत्र पाहिलं असतं तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता. इथे संघटना नव्हती.

झालं काय? पुढच्या अडीच वर्षांच्या भेटींत जुन्या पद्धतीच्या शाळांत गैरहजेरी 42 टक्के भरली, कॅमेरा शाळांत 21 टक्के. बरोबर निम्मी. फार दांड्या मारणारे जवळपास नाहीसे झाले आणि जवळजवळ रोज येणारे कितीतरी वाढले. फरक फक्त मधल्या लोकांत पडला असं नव्हतं, सगळी रांगच पुढे सरकली.

21 टक्के गैरहजेरी म्हणजे महिन्याला वीस-साडेवीस दिवस हजेरी. 50 ने गुणा, पुन्हा 1000 च्या आसपासच येतं. दोन्ही गटांतल्या शिक्षकांचा सरासरी पगार जवळपास सारखाच राहिला. तेवढ्याच पैशांत संस्थेला दर शाळेमागे महिन्याला पाच-सहा दिवस जादा मिळाले. वर खर्च फक्त कॅमेरा, रोल आणि रोल धुण्याचा. याला कोणी उत्तम व्यवस्थापन म्हणेल, कोणी जुन्याच पैशांत जास्तीचं काम काढून घेणं म्हणेल. दोन्ही खरं आहे. सरासरीच्या आत मात्र फरक होता. नियमित येणारा 1300 पर्यंत गेला, खाडे करणारा 500 कडे घसरला. जुन्या पद्धतीत या दोघांना एकच पगार मिळायचा, आणि त्यात रोज येणाऱ्यावर होणारा अन्याय कुणी मोजत नव्हतं.

लगेच शंका येते. फोटोपुरता येईल आणि मधे पाट्या टाकेल, त्याचं काय? पगार हजेरीला, शिकवण्याला नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात हा धोका पहिल्या आठवड्यात शिकवतात: जे मोजाल ते वाढतं, जे मोजत नाही ते आटतं. पण अचानक भेटींत तसं दिसलं नाही. शाळा उघडी असताना शिक्षक शिकवताना सापडण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. मुलांची उपस्थितीही शाळा उघडी असेल त्या दिवशी दोन्हीकडे सारखी. शाळा जास्त दिवस उघडी राहिली, आणि उघडी असताना पूर्वीसारखीच चालली. वर्षभरानंतरच्या चाचणीत कॅमेरा शाळांतली मुलं 0.17 प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्या मापाने) पुढे होती. हा फरक फार मोठा नाही, पण अशा कामात खराच समजला जातो. अडीच वर्षांनी पाहिलं तर जुन्या पद्धतीच्या शाळांतली 16 टक्के मुलं नेहमीच्या शाळेत दाखल झाली होती, कॅमेरा शाळांतली 26 टक्के. ज्या कामासाठी या शाळा होत्या ते काम याच आकड्यात आहे, म्हणून माझ्या लेखी चाचणीच्या गुणांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

हजेरी मोजून मुलांचं शिकणं सुधारलं याचं कारण शिक्षक फार हाडाचे होते असं मानायची गरज नाही. पाड्यावरच्या खोलीत 20 मुलं पुढ्यात बसलेली असताना 5 तास काहीच न करणं हेही कष्टाचंच. घरातून निघून शाळेपर्यंत पोचणं हीच या कामातली खरी अडचण होती. अडचण जिथे होती तिथेच पैसा लावला गेला.

आता या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा भाग. गैरहजेरी घटली ती पैशामुळे की कॅमेऱ्याच्या धाकाने? कुणीतरी पाहतंय म्हटल्यावर माणूस नीट वागतो, पैसे मिळोत न मिळोत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या, मग वेगळ्या कशा काढायच्या?

उत्तर त्या 500 च्या टेकूत सापडलं. 10 दिवस भरले काय किंवा 4 भरले काय, पगार 500 च. समजा महिना संपायला कामाचे 4 दिवस उरलेत आणि एका शिक्षकाचे आत्तापर्यंत 5 दिवसच भरलेत, घरी आजारपण असेल, शेताची कामं असतील. आता उरलेले चारही दिवस तो आला तरी 9 च होतात. एक रुपयाही वाढत नाही. दुसऱ्या एका शिक्षकाचे 15 भरलेत, त्याला उरलेल्या प्रत्येक दिवसाचे 50 मिळणार. कॅमेरा दोघांकडेही आहे, तारीख दोघांच्याही फोटोवर छापली जाणार आहे. मग पहिल्याचा महिना संपतो, 1 तारीख उजाडते, पाटी कोरी होते आणि आता त्यालाही आजच्या दिवसाची किंमत आहे.

संशोधकांनी महिन्याचा शेवटचा दिवस आणि पुढच्या महिन्याचा पहिला दिवस यांची तुलना केली. एका दिवसात माणूस बदलत नाही, गाव बदलत नाही, कॅमेरा तोच राहतो. बदलतो फक्त त्या दिवसाचा भाव. ज्यांचा महिना हातचा गेला होता ते महिनाअखेरीस घरी बसत आणि 1 तारखेला शाळेत हजर होत. ज्यांचे पुरेसे दिवस भरले होते ते महिनाअखेरीसही येत राहिले. धाक दोन्ही दिवशी सारखाच होता, म्हणून फरक पैशाचा. या निरीक्षणावरूनच त्यांनी शिक्षकांच्या वागण्याचं गणिती प्रारूप बांधलं आणि हा अभ्यास 2012 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात छापून आला.

यात सूत्राचा एक दोषही उघडा पडतो. माणुसकी म्हणून ठेवलेला टेकू काही शिक्षकांना महिन्याचे शेवटचे दिवस फुकट वाटायला लावत होता. टेकू काढला असता तर हजेरी कदाचित आणखी वाढली असती, पण एखाद्या बाळंतिणीच्या किंवा मलेरियाने झोपलेल्याच्या घरात त्या महिन्यात जवळजवळ काहीच आलं नसतं. संस्थेने टेकू ठेवला. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याची किंमत किती हे माहीत असून तो घेतलेला असेल तर जास्तच बरोबर.

प्रयोग संपल्यावरही सेवा मंदिरने ही पद्धत चालू ठेवली. साहजिकच आरोग्याच्या उपकेंद्रांकडे लक्ष गेलं. उदयपूरमध्ये आधीच्या पाहणीत उपकेंद्रं कामाच्या वेळेत निम्म्याहून जास्त वेळा बंद सापडली होती. उपकेंद्रात एकच नर्सबाई, तीही सरकारी नोकर, कायम. बाळंतपणं, लसीकरण, गावोगावच्या फेऱ्या, तालुक्याच्या बैठका. 2006 च्या सुरुवातीला जिल्हा प्रशासनाने सेवा मंदिरच्या मदतीने काही उपकेंद्रांत तारीख-वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं बसवली. नर्सबाईंनी निदान सोमवारी तरी केंद्रात राहायचं आणि दिवसातून 3 वेळा शिक्का मारायचा, असं ठरलं. निम्म्याहून जास्त ठरलेल्या दिवशी गैरहजर असेल तर त्या प्रमाणात पगार कापायचा. या प्रयोगाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी केला.

पहिले काही महिने निकाल शिक्षकांच्या शाळांइतकाच झळकत होता. यंत्र असलेल्या केंद्रांत ठरलेल्या दिवशी नर्सबाई सापडण्याचं प्रमाण बाकीच्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट. मग हळूहळू घसरण. 16 महिन्यांनंतर दोन्हीकडच्या केंद्रांत काही फरक उरला नाही.

यंत्रं बिघडली का? काही बिघडली, काहींचं नेमकं काय झालं याच्या कथा होत्या. पण खरं कारण मस्टरच्या एका रकान्यात होतं: 'सूट'. बैठकीला गेल्या, सूट. सर्वेक्षण होतं, सूट. नर्सबाईंना खरोखरच बाहेरची कामं असतात, म्हणून असा रकाना हवाच होता. पण तो भरायचा अधिकार आरोग्य खात्याकडे होता, आणि दर महिन्याला सूट दिलेले दिवस वाढत गेले. शिक्का नाही, पण खाडाही नाही. पगार कापण्याचा नियम कुणी रद्द केला नाही. त्याच्या कचाट्यात येणारे दिवसच कमी होत गेले. शाळांत ती जागाच नव्हती: रोल संस्थेकडे यायचा, फोटोंवरून दिवस मोजले जायचे आणि 50 ने गुणाकार व्हायचा. मधे कुणी ओळखीचा साहेब नव्हता.

यात नर्सबाईंना खलनायिका करण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं केंद्र बंद असल्यामुळे गावकऱ्यांनी तिथे जाणं सोडलं होतं. सोमवारी दार उघडं असलं तरी रुग्ण येत नव्हते, त्यामुळे बाई नाही म्हणून ओरडणारंही कुणी नव्हतं. खात्यालाही भांडण नको होतं. नियम पाळायला लावणारं कुणीच नसेल तर तो हळूहळू सैल होत जातो.

असाच धडा अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांनी केनियात पाहिला होता. तिथे बालवाडी शिक्षकांना हजेरीबद्दल बक्षीस द्यायचं ठरलं आणि हजेरी नोंदवायचं काम मुख्याध्यापकांना दिलं. मुख्याध्यापकांना शिक्षकांबरोबर रोज एकाच आवारात राहायचं होतं. बक्षिसं वाटली गेली, हजेरी आहे तिथेच राहिली. बॅनर्जी, ड्युफ्लो आणि क्रेमर या तिघांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, तेव्हा गरिबीवरच्या प्रयोगांची चर्चा खूप झाली. त्या मानाने मस्टर कुणाच्या हाती असावं, या त्यांच्या कामातल्या फार व्यवहारी प्रश्नाकडे कमी लक्ष गेलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना फोटो आणि शिक्षक म्हटलं की वेगळंच काही आठवेल. 2016 च्या अखेरीस शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांना सोमवारी मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर टाकायला सांगितलं होतं. तिथे उद्देश अनियमित मुलांवर लक्ष ठेवण्याचा होता. ग्रामीण भागातलं नेटवर्क, स्वतःचा मोबाइल, पोरांना ओळीत उभं करण्यात जाणारा वेळ, यावरून शिक्षक संघटनांनी आवाज उठवला आणि आदेश मागे पडला. फोटो दोन्हीकडे होते. पण सेल्फीवरून कुणाचा पगार बदलणार नव्हता, कुणाचा खाडा ठरणार नव्हता. काम वाढलं, हातात काही नाही. अशा आदेशाला विरोध न होता तरच आश्चर्य.

शिक्षकांच्या पगाराला हजेरीऐवजी मुलांच्या गुणांशी जोडण्याचा प्रयोगही भारतात झाला आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तो केला. 2 वर्षांत गणितात 0.27 आणि भाषेत 0.17 प्रमाण विचलनाची वाढ दिसली. तो रस्ता वेगळा आहे, तिथे परीक्षा कोण घेतं आणि पेपर कोण तपासतं हे सांभाळावं लागतं, आणि त्या अभ्यासात ते सांभाळलं होतं. उदयपूरच्या पाड्यावर तितकी यंत्रणा उभी करणं शक्य नव्हतं. चिकटपट्टी लावलेला कॅमेरा शक्य होता.

म्हणून कुणी आपल्या संस्थेत, सोसायटीत किंवा छोट्या कारखान्यात हजेरीवर पैसे लावायचं म्हणतं आणि सूत्र दाखवायला कागद पुढे करतं, तेव्हा मी दर किती ठेवलाय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, यात 'सूट' असा रकाना आहे का, आणि त्यावर सही कुणाची. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'ते सुपरवायझर बघून घेईल.'